पोअर कार्डवर सही करायच्या आधी स्लॅबवर चढ

या वेळचं पत्र डोंबिवलीच्या एका मुलीचं आहे, नाव छापू नका म्हणालीये म्हणून देत नाही. सिव्हिलची डिग्री, डिस्टिंक्शन, आणि गेले आठ महिने घाटकोपरला एका सोसायटी रिडेव्हलपमेंटच्या साईटवर ज्युनिअर इंजिनियर. पत्र चांगलं लांबलचक आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं सांगतो. दिवसातला बहुतेक वेळ साईट ऑफिसात कॉम्प्युटरसमोर जातो, डीपीआर (रोजच्या कामाचा अहवाल) भर, बिलं तपास, सिमेंट-स्टीलचं रिकन्सिलिएशन (आलेल्या-वापरलेल्या मालाचा ताळमेळ) कर. मागे एकदा वर स्लॅबवर गेली तर फिटरने, म्हणजे सळ्या बांधणाऱ्याने, विचारलं, 'मॅडम, ये एक्स्ट्रा कहां से कहां तक डालना है?' (एक्स्ट्रा म्हणजे जादा सळ्या) आणि हातात ड्रॉइंग असून हिला सांगता येईना, शेवटी फिटरनेच ड्रॉइंग फिरवून बघितलं आणि पोरांना काम लावलं, बाकीचे हसले. तेव्हापासून ही वर जायचंच टाळते. तरी स्लॅबच्या आदल्या दिवशी सिनियर पोअर कार्ड पुढे सरकवतात, 'कर गं सही, मी बघितलंय सगळं,' आणि ही करते. विचारतेय काय, तर चार वर्षं आणि बाबांचे पैसे वाया गेले का, प्रॅक्टिकल नॉलेज आता आणायचं कुठून, ठाण्यात सॉफ्टवेअरचा एक क्लास आहे तो लावू की एम.टेक. करू, की मैत्रिणी गेल्या तशी सरळ आयटीत जाऊ.

अगं, बाकीचं सगळं नंतर, आधी त्या सहीचं बोलू, कारण तुझ्या पत्रात ते एका ओळीत उरकलंयस आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

पोअर कार्ड म्हणजे काय हे सिव्हिलवाले नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. काँक्रीट ओतायच्या आधी एक कागद भरतात, शटरिंग (काँक्रीटचा साचा) तपासलं, स्टील तपासलं, लेव्हल बघितली, इलेक्ट्रिकचे पाईप आणि प्लंबिंगचे स्लीव्ह टाकून झाले, प्रत्येकासमोर सही, आणि मग आरएमसीची, म्हणजे प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटची, ऑर्डर जाते. एकदा काँक्रीट पडलं की आतलं काही कुणाला दिसत नाही, मागे उरतो तो फक्त हा कागद. म्हणजे तुझी सही ही 'मी डोळ्यांनी बघितलं' असं सांगणारी एकमेव गोष्ट आहे, आणि तू तर खाली ऑफिसात बसलेली असतेस. उद्या काही झालं ना, तर 'सरांनी सांगितलं म्हणून केली' हे कुणी ऐकून घेत नाही.

भांडायची गरज नाही. सरांना एवढंच म्हण, 'सर, मला पण वर न्या ना, तुम्ही काय बघता ते बघते आणि मग सही करते.' बहुतेक सिनियर याला नाही म्हणत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना, कारण ज्युनिअर स्वतःहून वर यायला मागतोय हेच दुर्मिळ झालंय. वेळ नाही म्हणाले तर तू जेवढं तपासलंस तेवढंच कार्डवर लिही, 'फक्त कव्हर ब्लॉक आणि शटरिंगची लेव्हल तपासली', आणि खाली सही. (कव्हर म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, ब्लॉक म्हणजे तो राखायचे ठोकळे.) पहिल्यांदा लिहिलंस की सर कपाळाला आठ्या घालतील, घालू देत.

आता तो एक्स्ट्राचा किस्सा. तू लिहिलंयस की आठवी शिकलेल्या माणसाला येतं ते मला येत नाही. बरं, मग एक आठव. सेकंड इयरला कंटिन्युअस बीमचे बेंडिंग मोमेंट डायग्राम काढलेस की नाही? शंभर वेळा काढले असशील. दोन आधारांच्या मधे बीम खाली झुकतो, ताण खालच्या बाजूला. आधाराच्या वर उलटं, ताण वरच्या बाजूला. ड्रॉइंगमधला 'एक्स्ट्रा टॉप' म्हणजे तोच आधारावरचा मोमेंट, म्हणून ती सळई आधाराच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जाते आणि संपते, आणि 'एक्स्ट्रा बॉटम' मधल्या भागात येतो. किती लांब न्यायची ते ड्रॉइंगमध्ये स्पॅनच्या भागात दिलेलं असतं. म्हणजे फिटरने तुला विचारलेला प्रश्न तू परीक्षेत सोडवून मार्क घेतलेत, फक्त तिथे तो पेपरवर होता आणि इथे आडव्या-उभ्या सळ्यांच्या जंजाळात उन्हात उभं राहून विचारला. शिकायचं बाकी आहे ते हे ओळखणं, आणि ते खुर्चीत बसून होत नाही.

फिटरला एक्स्ट्रा कुठे टाकायचा ते माहीत असतं, शंभर स्लॅब बांधलेत त्याने. का टाकायचा ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि नेहमीपेक्षा वेगळी परिस्थिती आली की तिथे गडबड होते. याचं सगळ्यात साधं उदाहरण छज्जा. छज्जा एका बाजूने अधांतरी, म्हणजे मेन स्टील वरच्या बाजूला पाहिजे. ड्रॉइंगमध्ये तसंच असतं, फिटर बांधतोही तसंच. पण मग इलेक्ट्रिकवाला पाईप टाकायला येतो, बिगारी काँक्रीटचा होज ओढतात, सगळे त्याच सळ्यांवर पाय देऊन चालतात, आणि खाली चेअर (सळ्या उचलून धरणारे टेकू) नसल्या तर सळ्या दबतात. आता हिशोब कर. छज्जा १०० मिमी जाड, कव्हर २० आणि सळई १० ची धरली तर इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे सळईच्या मध्यापासून छज्जाच्या तळापर्यंतची खोली, ७५. सळई फक्त २५ मिमी खाली गेली की राहिले ५०. तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि स्टील तर एक ग्रॅमही कमी झालेलं नाही, बिलात बरोबर, रिकन्सिलिएशनमध्ये बरोबर. अगदीच तळाला टेकल्या तर शटरिंग काढताना छज्जा हातात येतो. बांधणाऱ्याने काम नीट केलंय, नंतर कुणीतरी येऊन दाबून गेलं. हे काँक्रीट पडायच्या अर्धा तास आधी स्लॅबवर फिरून, वाकून, टेप लावून बघायला कुणीतरी लागतं ना, ते तुझं काम.

आणखी एक दाखवतो, हे मला फार आवडतं. तुमच्या साईटवरच्या कुठल्याही फिटरला विचार, लॅप (दोन सळ्या जोडताना एकमेकींशेजारी ठेवायची लांबी) किती ठेवायचा? डोळे न उघडता सांगेल, 'पचास डी.' म्हणजे सळईच्या व्यासाच्या पन्नास पट. आता तू तुझा डेव्हलपमेंट लेंग्थचा (सळईला काँक्रीटमध्ये पक्की पकड मिळायला लागणाऱ्या लांबीचा) फॉर्म्युला काढ. एम २५ ग्रेडचं काँक्रीट, एफई ५०० ग्रेडचं स्टील. वर ०.८७ गुणिले ५०० म्हणजे ४३५. खाली ४ गुणिले बाँड स्ट्रेस (काँक्रीटची सळईवरची पकड), आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, एम २५ ला १.४ दिलाय, डिफॉर्म्ड बारसाठी (खरखरीत सळईसाठी) १.६ पट, म्हणजे सगळं मिळून ८.९६. भागाकार ४८.५. आहे की नाही? पुस्तक ४८.५ म्हणतं, फिटर पन्नास म्हणतो, दोघांचं एकच म्हणणं आहे. पण परवा साईटवर एफई ५५० चा ट्रक आला, हल्ली सर्रास येतो, तर तोच भागाकार ५३ च्या वर जातो. काँक्रीट एम ३० असेल तर बाँड स्ट्रेस १.५ होतो आणि ५५० लाही पन्नासच्या आत भागतं, पण एम २५ असेल तर पचास डी कमी पडला. फिटर मात्र पचास डीच बांधणार, कारण सळी बघून तिचा ग्रेड त्याच्या आकड्याशी जोडायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. अशा वेळी त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि स्वतःच्या मनाने ५४ सांगायचंही नाही, ड्रॉइंगच्या जनरल नोट्स उघडायच्या, त्यात लॅपचं टेबल असतं ते बघायचं, आणि ट्रक आणि ड्रॉइंग यांचा ग्रेड जुळत नसेल तर कन्सल्टंटला फोन.

तर माझं म्हणणं हे आहे. त्याच्याकडे आकडा आहे, तुला आकडा कुठे मोडतो ते कळू शकतं, फक्त त्यासाठी आधी त्याचा आकडा तुला माहीत पाहिजे. तू त्याच्यासारखी फिटर होणार नाहीयेस, व्हायचंही नाही. तुला त्याचं काम इतकं जवळून बघायचंय की तो काय करतोय हे दहा फुटावरून कळावं.

कसं करायचं? एक कॉलम पकड. खरंच एकच. पुढच्या मजल्याचा एक कॉलम ठरव आणि लाईनआउटपासून (जागेच्या आखणीपासून) शटरिंग निघेपर्यंत त्याच्या मागे राहा, बाकीच्या कामांतून वेळ काढून दिवसातून चार चकरा मार. लाईन दोरी कुठून घेतली, स्टार्टर (कॉलमच्या तळाचा छोटा काँक्रीटचा भाग) कधी भरला, खालच्या सळ्या सरळ वर आल्यात की लाईनबाहेर गेल्यात म्हणून कुणी वाकवल्यात. रिंगांचं (उभ्या सळ्यांभोवतीच्या आडव्या कड्यांचं) अंतर टेपने मोज, बीमच्या जवळ ते कमी असतं आणि मधे जास्त, ते का ते तुला माहितीये. रिंगेचे हुक बघ. ड्रॉइंगवर आयएस १३९२०, म्हणजे भूकंपासाठीच्या डिटेलिंगचा कोड, लिहिलेलं असेल तर हुक १३५ अंशात आत वळलेले पाहिजेत, आणि घाईत ते ९० वर सोडले जातात कारण ९० बांधायला सोपा. भूकंपात बाहेरचं कव्हर उडालं की ९० चा हुक उघडतो आणि रिंग सुटते, १३५ चा आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेला राहतो. लॅप कॉलमच्या मधल्या भागात आहे का, सगळ्या सळ्यांचे एकाच जागी आलेत का.

मग शटरिंग उभं राहिलं की कारपेंटरला ओळंबा लावताना बघ. वर फळीला खिळा मारून पट्टी बाहेर काढतात, दोरी प्लेटपासून समजा १०० मिमी लांब सोडतात, आणि खाली परत प्लेटपासून मोजतात, तिथेही १०० आलं पाहिजे. एका बाजूने नाही, काटकोनातल्या दोन बाजूंनी. वरच्या मजल्यांवर दुपारनंतर वारा असतो, ओळंबा एका जागी ठरत नाही, तेव्हा अनुभवी मिस्त्री तो खाली पाण्याच्या बादलीत सोडतो, पाण्यात तो शांत होतो. असल्या गोष्टी कुठल्या सिलॅबसमध्ये येणार? एकदा त्याच्या हातातून घेऊन स्वतः लावून बघ. तो हसेल, मग दाखवेल. दुसऱ्या दिवशी प्लेटा उघडतील, आयएस ४५६ प्रमाणे उभ्या बाजूंचं शटरिंग १६ ते २४ तासांनी काढता येतं, तेव्हा तिथे हजर राहा. हनीकोम्ब (काँक्रीटमधली पोकळ जाळी) दिसला तर त्यावर मसाला फासायच्या आधी बघ कुठे आहे, खाली तळाशी आहे तर स्टार्टरच्या सांध्यातून ग्राउट (सिमेंटचं पाणी) गळालं, लॅपच्या जागी आहे तर सळ्यांची दाटी होती आणि व्हायब्रेटर पोचला नाही. कॉलम बोलतो, पण प्लेटा उघडल्या उघडल्या बघितलं तर, नंतर सगळं लपवलेलं असतं.

कव्हरबद्दल एक मुंबईची गोष्ट सांगून ठेवतो. कॉलेजात स्लॅबला २० मिमी, बीमला २५ असं पाठ केलेलं असतं सगळ्यांनी. ते माईल्ड एक्स्पोजरचं, म्हणजे जिथे हवा-पाण्याचा मारा कमी तिथलं. आपण समुद्राकाठी राहतो. आयएस ४५६ च्या टेबलात मॉडरेटला ३० आणि सिव्हिअरला ४५ आहे, आणि उघड्यावरची समुद्रकाठची हवा सिव्हिअरमध्ये मोडते. तुमच्या कन्सल्टंटने काय धरलंय ते नोट्समध्ये लिहिलेलं असणार, पण साईटवर कव्हर ब्लॉक बहुतेक वेळा जे पडलेले असतात तेच वापरतात. मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगांच्या बाल्कन्या खालून फुगून सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात ना, त्या बघताना हे आठव.

स्लॅबच्या दिवशी मात्र ऑफिसात अजिबात बसायचं नाही. डीपीआर रात्री भर. गेटवर काँक्रीटची पहिली गाडी येते तिथून सुरुवात कर, चलानावर ग्रेड आणि बॅचिंगची वेळ बघ. भरल्यापासून दोन तासात काँक्रीट उतरवायचं असा नियम आयएस ४९२६ मध्ये (तयार काँक्रीटच्या कोडमध्ये) आहे, रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन) घातला असेल तर जास्त वेळ मिळतो, आणि आपल्या इथे एलबीएस रोडला किंवा हायवेला गाडी अडकली की दोन तास कसे जातात ते तुला सांगायला नको, त्यात गर्दीच्या वेळेत अवजड गाड्यांना बंदी. मग गाडी उशिरा येते, काँक्रीट घट्ट झालेलं, पंपवाला ओरडतो, आणि कुणीतरी ड्रायव्हरला म्हणतं, 'थोडा पानी मार.' इथे तू उभी पाहिजेस. सहा घनमीटरची गाडी, घनमीटरला ३८० किलो सिमेंट धर, म्हणजे साधारण २२८० किलो. त्यात १०० लिटर पाणी मारलं की ०.४५ चा वॉटर-सिमेंट रेशो ०.४९ वर जातो, म्हणजे काँक्रीट कमजोर झालं. १०० लिटर म्हणजे पाईप जेमतेम काही मिनिटं धरला. पाणी नाही, प्लांटच्या क्वालिटीवाल्याला बोलवायचं, तो ॲडमिक्श्चर (काँक्रीट पातळ करणारं रसायन) वाढवून देऊ शकतो किंवा गाडी परत न्यायची. गाडी परत पाठवायचा अधिकार तुला नसेल, सरांना बोलवायचा तर आहे.

क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे नमुने) पण स्वतः भर. १५० मिमीचा मोल्ड, तीन थर, प्रत्येक थराला रॉडचे ३५ ठोके, आणि समजा ६० घनमीटरचा स्लॅब असेल तर पाच सॅम्पल लागतात, एका सॅम्पलला तीन क्यूब. साईटवर काय होतं, एखादा पोरगा पहिल्याच गाडीचं काँक्रीट घेऊन सगळे क्यूब कोपऱ्यात बसून छान ठोकून भरतो आणि मग रिपोर्ट नेहमी सुंदर येतात. वेगवेगळ्या गाड्यांचे भर, गाडीचा नंबर लिहून ठेव, कुठली गाडी कुठे ओतली ते पण. २८ दिवसांनी एखादा रिपोर्ट कमी आला तर तुझी वही सोडून सांगता कुणालाच येणार नाही की तो भाग नेमका कुठला.

शटरिंग काढायच्या दिवसांवरून वाद होणारच, प्लेटा आणि प्रॉप (खालचे टेकू) भाड्याचे असतात, ठेकेदाराला पुढच्या मजल्याला हवे असतात. कोडचं लक्षात ठेव, स्लॅबचा स्पॅन ४.५ मीटरपर्यंत असेल तर प्रॉप ७ दिवस, त्यापेक्षा मोठा असेल तर १४. बीमला ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. हे साध्या सिमेंटचे आकडे आहेत, पीपीसी (फ्लाय ॲशवालं सिमेंट) असेल तर आणखी सांभाळून.

बरं, ती बिलं. तू त्यांना शिव्या घातल्यास पत्रात, मी नाही घालणार. सबकॉन्ट्रॅक्टरचं बिल हे वर जायचं सगळ्यात चांगलं निमित्त आहे, त्याने लिहिलंय एवढे चौरस मीटर शटरिंग, तर मोजून बघायला वर जावंच लागतं, कोण अडवणार? आणि स्टीलचं रिकन्सिलिएशन करतेस तर व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे वापरत असशीलच, पण ते १६२ आलं कुठून? स्टीलची घनता ७८५० धरून एक मीटर सळईचं वजन मांड, गोल क्षेत्रफळातला पाय (π) घाल, तोच १६२ बाहेर येतो, पाच मिनिटांचं काम आहे. मग १२ ची सळई मीटरला ०.८९ किलो आणि १२ मीटरचा नग पावणेअकरा किलोच्या आसपास हे डोक्यात बसतं, ट्रक आला की बंडल मोजून वजनकाट्याच्या पावतीशी ताडता येतं, आणि फरक आला तरी लगेच चोर-चोर ओरडायचं नाही कारण आयएस १७८६ मध्येच (सळ्यांच्या कोडमध्ये) टॉलरन्स, म्हणजे वजनात चालणारा फरक, दिलेला आहे, १० मिमीपर्यंत ७ टक्के, १६ पर्यंत ५, त्यावर ३. बिलं करणारी पण साईट न बघणारी इंजिनियर कंटाळते, आणि साईट बघणारा पण बिलं न येणारा कायम साईट इंजिनियरच राहतो. तुला दोन्ही मिळतंय, कुरकुर कमी कर.

मिस्त्री-फिटरशी बोलायचं कसं हे तू विचारलं नाहीस पण खरा अडसर तोच आहे असं वाटतंय मला. तुमच्याकडचे फिटर मालदा-मुर्शिदाबादचे असतील, कारपेंटर बिहार-झारखंडचे, त्यांना रोज पन्नास जण येऊन 'ये क्या कर रहे हो' विचारतात. तू असं विचार, 'ये पहले क्यों बांधा, वो बाद में क्यों?' क्रमाबद्दल विचारलं की माणूस खुलतो कारण क्रम त्याने स्वतः शोधलेला असतो. चहाच्या वेळी विचार, काँक्रीट चालू असताना नाही. नावाने हाक मार. चूक दिसली तर त्याच्या पोरांसमोर नको, बाजूला घेऊन सांग, ड्रॉइंग उघडून बोट ठेवून सांग. आणि येत नसेल तर 'देखके बताती हूं' म्हण आणि खरंच दहा मिनिटात येऊन सांग. उगाच अंदाजाने ठोकून दिलंस आणि त्याला परत सोडून बांधावं लागलं तर त्यानंतर तो तुला कधीच विचारणार नाही. त्या दिवशी हसले ते हसले. ड्रॉइंग फिरवून फिटरने तुझ्यासमोरच बघितलं होतं की नाही? तू तिथून निघून आलीस, नाहीतर त्याच दिवशी शिकली असतीस.

आदल्या रात्री ट्रेनमध्ये सीट मिळाली तर दुसऱ्या दिवशीच्या कामाचं ड्रॉइंग फोनवर उघडून एका बीमचं बीबीएस (सळ्या कापायची-वाकवायची यादी) हाताने काढ, कटिंग लेंग्थ किती येते ते, आणि सकाळी फिटरच्या कटिंगशी जुळवून बघ. नाही जुळणार सुरुवातीला. बेंडचं वजा करायला विसरली असशील, नाहीतर कव्हर एकाच बाजूचं धरलं असशील. सॉफ्टवेअर हे काम सेकंदात करतं, मान्य, पण चुकलेला आकडा चुकलाय हे सॉफ्टवेअर सांगत नाही. खिशात एक छोटी वही ठेव, आणि पाच मीटरचा टेप स्वतःचा घे, नागदेवी स्ट्रीटला चांगला मिळतो, साईटचा टेप पहिल्या दोन इंचात नेहमी झिजलेला असतो. काँक्रीट पडायच्या आधी प्रत्येक भागाचे फोटो काढ, टेप लावून, तारीख दिसेल असे.

अजून एक, हे तू आडून आडून लिहिलंयस. वर दिवसभर थांबायचं तर साईटवर बायकांसाठी धड टॉयलेट नाही, म्हणून पाणी कमी पितेस आणि लवकर खाली येतेस. हे लाजण्यासारखं तुझ्यासाठी काहीच नाही, कंपनीसाठी आहे. ही सोय देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. प्रोजेक्ट मॅनेजरला लेखी ईमेल कर, दोन ओळींचा, 'कृपया' आणि 'तातडीने' हे दोन्ही शब्द घालून. साईटवर बिगारी बायका पण असतील, त्यांच्यासाठीही माग, त्यांना मागायला कुणी ईमेल आयडी दिलेला नाही. आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत चालला तर घरी सोडायची गाडी आधी ठरवून घे, शेवटच्या कर्जत लोकलच्या भरवशावर राहू नकोस.

आता क्लास आणि एम.टेक. तो ठाण्याचा क्लास वर्षभर थांबू शकतो. शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर शिकून काय करशील जर एका मजल्याला तुमच्या साईटवर किती दिवस लागतात आणि का लागतात हे माहीत नसेल तर, मग त्या सुंदर रंगीत पट्ट्यांना काही अर्थ नसतो. त्याऐवजी आयएस ४५६ आणि एसपी ३४ वाच, एसपी ३४ हे डिटेलिंगचं हँडबुक आहे, १९८७ चं, जुनं आहे पण चित्रं फार छान आहेत आणि तुझा एक्स्ट्राचा प्रश्न त्यात चित्रासकट सुटलेला आहे. भारतीय मानक ब्युरोच्या साईटवरून कोड फुकट डाउनलोड होतात, झेरॉक्सच्या दुकानातली पुसट कॉपी कशाला घेतेस. एम.टेक. वाईट नाही, व्हीजेटीआय आहे, पवईचं आयआयटी आहे, गेट दे आणि जा, पण स्ट्रक्चर करायचंय की कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट की जिओटेक हे तुला आज माहीत नाही, आणि साईट टाळायला म्हणून गेलीस तर दोन वर्षांनी हाच प्रश्न घेऊन परत इथेच उभी राहशील, फक्त तेव्हा सगळ्यांची अपेक्षा वाढलेली असेल.

हे वाचणाऱ्या ज्या मुलांना अजून नोकरीच नाही त्यांच्यासाठी जाता जाता, केंद्राची अप्रेंटिसशिपची योजना आहे, एनएटीएस, पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांना एक वर्ष स्टायपेंडवर कंपनीत काम शिकायला मिळतं, तिचं पश्चिम विभागाचं ऑफिस आपल्या सायनलाच आहे. पोर्टलवर नाव घाला. पगार म्हणून बघितलं तर निराश व्हाल, वर्ष म्हणून बघा.

आयटीचं मी काही बोलणार नाही. आवडत असेल तर जा, त्यात कमीपणा काही नाही, तिथेही पहिले सहा महिने हेच होतं म्हणतात पोरं, फक्त एसीत होतं. पण स्लॅबवर चार जण हसले म्हणून जाणार असशील तर नको.

आणि समजा हे सगळं केलंस, वर जायला लागलीस, तरी सिनियर म्हणत राहिले की न बघता सही कर, आणि प्रोजेक्ट मॅनेजरकडे जाऊनही काही बदललं नाही, तर ती साईट सोड. मुंबईत सध्या रिडेव्हलपमेंटची कामं गल्लोगल्ली चालू आहेत, डोंबिवलीपासून मुलुंडपर्यंत उतरशील त्या स्टेशनबाहेर क्रेन दिसते, ज्याला स्लॅबवर उभं राहता येतं असा ज्युनिअर सगळ्यांना हवाय. इंटरव्ह्यूला जाताना ती वही आणि फोटो घेऊन जा. पहिल्या पाच मिनिटात ते विचारतील, कव्हर किती ठेवता, लॅप किती. पन्नास डी म्हण, आणि मग विचार की तुमच्याकडे स्टील कुठल्या ग्रेडचं येतं.